जोती उरली, कडीपाट गेला

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर प्रश्न आला होता: युरोपातली जुनी गावं जागच्या जागी दिसतात, मग आपले वाडेच का पडतात?

दक्षिण स्पेनमधलं उबेदा घेऊ. पाचव्या चार्ल्स बादशहाचा सचिव फ्रान्सिस्को दे लोस कोबोस हा इथला. सोळाव्या शतकात त्यानं आणि त्याच्या नातलगांनी दरबारातून मिळवलेला पैसा गावात ओतला, वांदेलविरा या स्थपतीनं प्रासाद उभे केले. शेजारच्या बाएसासह हे गाव २००३ साली जागतिक वारसा यादीत गेलं. आपल्या पुण्याचं अठरावं शतकही असंच. पेशवे आले, मागोमाग सरदार-सावकार आले, पेठा वसल्या.

फरक आहे तो बांधणीत. तिकडे दगड पार वरपर्यंत. इकडे दगड मुख्यतः जोत्याला. वर वीट-माती आणि भार सागवानी खांब-तुळयांवर. शनिवारवाडा १७३२ साली राहता झाला आणि १८२८ च्या आगीत आतले मजले गेले. आपण तिकीट काढून बघतो ती बहुतेक जोतीच!

पण लाकूड म्हणजे नाश, असं समजू नका. दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात १८२१ मध्ये संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ साली तिथंही आग लागली, तरी वाडा दुरुस्त झाला, पुढं नगरपालिकेची कचेरीही तिथंच होती. वापर होता, म्हणून डागडुजी होती.

राहत्या वाड्याचं काय होतं बघा. एक कौल सरकतं, पाणी भिंतीत उतरतं, भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक आधी कुजतं. खालून काहीच कळत नाही. दरवर्षी कौलं चाळली तर हे टळतं, पण चाळायची कोणी? १९४७ च्या भाडेकायद्यानं भाडी गोठली. मालक म्हणतो, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कशी करू? भाडेकरू म्हणतो, दुरुस्तीसाठी बाहेर पडलो तर परत घ्याल का? आम्हाला दोघंही खोटं बोलत नाहीत असंच वाटतं. त्यांचं भांडण चालू असताना पाऊस मात्र येतोच. नदीकाठच्या पेठांमध्ये तर १९६१ च्या पानशेतच्या पुरानं हा सगळा हिशेब एका दिवसात मिटवला.

कसब्यात जाल तेव्हा नक्षीच्या आधी तुळईचं टोक बघा. तिथं ओलीचा काळा डाग दिसला तर वरची कौलं कधी चाळली, एवढं घरातल्यांना विचारा.