लोखंडी घोड्याचे खोगीर

घोड्यावर मांड टाकणाऱ्यांना खोगिराचे महत्त्व कोणी सांगावे लागत नसे. खोगीर वाईट असले की आधी घोड्याची पाठ सोलवटे आणि मग स्वाराच्या मांड्या. मोटारसायकलची पाठ सोलवटत नाही. म्हणूनच की काय, या लोखंडी घोड्याच्या खोगिराकडे खरेदीच्या वेळी कोणाचे लक्ष जात नाही. यंत्राची शक्ती, आवाज, रंग या साऱ्यांची चिकित्सा होते. बैठकीची आठवण मात्र शंभर-दीडशे किलोमीटर गेल्यावर कंबरच करून देते.

ही तक्रार विशेषेकरून ‘क्रूझर’ जातीच्या मोटारसायकलींविषयी ऐकू येते. सखल आसन, रुंद हँडल आणि पुढे सोडलेले पाय ही या जातीची लक्षणे. अमेरिकेतील लांब, सरळ रस्त्यांवर ही घडण रुजली. तेथील हार्ले-डेव्हिडसन कंपनीच्या मोठ्या गाड्यांना मागच्या चाकाशी धक्के शोषणारी योजना १९५८ सालच्या ‘ड्युओ-ग्लाइड’पासून मिळाली. तोवर तो भार मुख्यतः स्प्रिंगवर बसविलेले आसनच सोशीत असे. भारतात पुण्याच्या बजाज ऑटोची ‘ॲव्हेंजर’ २००५ साली आणि रॉयल एनफील्डची ‘मीटिओर’ २०२० साली आली, आणि ही ऐसपैस बैठक आपल्याकडेही परिचित झाली.

बैठक ऐसपैस, आणि तरीही कंबर दुखते, हे कसे? याचे कारण पायांत आहे. साध्या मोटारसायकलवर पाय शरीराखाली असतात. खड्डा दिसताच स्वार किंचित उठतो आणि धक्का गुडघ्यांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असल्यामुळे ही सोय राहत नाही. धडाचा जवळजवळ सर्व भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो. स्वार घसरून पोक काढून बसला, तर त्यात माकडहाडही सामील होते. भार थोड्या जागेवर एकवटला की तेथील रक्तप्रवाह मंदावतो आणि मुंग्या येतात. तेव्हा उत्तम आसनाचे पहिले काम म्हणजे हा भार जास्तीत जास्त जागेवर वाटून देणे.

येथेच पहिली फसगत होते. मऊ तेच सुखाचे, असे बोटांना वाटते. पण दुकानात बोटे दाबतात आणि रस्त्यावर शरीर बसते. फार मऊ फोम तासाभरात दबतो, आणि हाडे थेट खालच्या तळपाटाला टेकतात. म्हणून फोम घट्टसर, परंतु पुन्हा उसळून येणारा असावा. कडकपणा आणि घनता हे दोन निरनिराळे गुण आहेत, हेही ध्यानी ठेवावे. कमी घनतेचा फोम प्रथम कडक लागला, तरी लवकरच बसतो. जेलचा थर दाब वाटून देण्यास उपयोगी पडतो. मात्र भर उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर तोच तव्यासारखा तापतो.

दुसरा विचार आकाराचा. आसनाची रुंदी मागे, बैठकीच्या हाडांखाली हवी. पुढे ते निमुळते असावे, नाही तर मांड्या फाकतात आणि पाय जमिनीला नीट पुरत नाहीत. उतार पुढे असेल तर स्वार सतत टाकीकडे घसरतो. खोलगट आसन कमरेला टेका देते, पण स्वाराला एकाच जागी जखडून ठेवते. लांबच्या प्रवासात थोडे मागेपुढे सरकता येणे हीदेखील विश्रांतीच असते. जाड गादीने उंची वाढते, पातळ गादीने गुडघे अधिक दुमडतात. सखल, जाड, टिकाऊ आणि स्वस्त असे आसन शोधणे म्हणजे आखूडशिंगी, बहुदुधी गाय शोधण्यासारखेच आहे.

आवरणाची परीक्षा पाऊस करतो. शिवणीतून पाणी आत शिरले की फोम ते दिवसचे दिवस धरून ठेवतो. चामडे देखणे, पण निगा मागणारे. कोकणासारख्या प्रदेशात चांगले रेक्झीनच सोयीचे.

मागे बसणाऱ्याचा विचार तर बहुधा शेवटी होतो. नवे आसन बसविताना मागच्या माणसाची जागा अरुंद होते, किंवा त्याचा धरण्याचा आधारच काढला जातो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १२३ व्या नियमानुसार मागे बसणाऱ्यासाठी हाताचा आधार आणि पाय ठेवण्याची सोय आवश्यक आहे. एकाच्या सुखासाठी दुसऱ्याची सुरक्षितता जाता कामा नये.

पैसे मोजण्यापूर्वी टायरमधील हवा आणि मागच्या स्प्रिंगचा ताण तपासून घ्यावा. कित्येकदा दोष आसनाचा नसतोच. असलाच, तर कुशल कारागिराकडून जुन्याच तळपाटावर नवा फोम बसवून घेणे पुष्कळदा पुरते. तयार आसन घ्यायचे झाल्यास ते आपल्याच मॉडेलचे आहे ना, आणि त्याची खीळ घट्ट बसते ना, हे पाहावे. शक्य असल्यास ओळखीच्या कोणाच्या तशाच आसनावर तासभर फिरून यावे; पाच मिनिटांत सर्वच आसने सुखाची वाटतात.

हा केवळ चैनीचा प्रश्न नव्हे. दुखणाऱ्या कमरेकडे लक्ष असलेल्या स्वाराचे रस्त्यावर लक्ष राहत नाही. उत्तम आसनही तासा-दीड तासाने खाली उतरून पाय मोकळे करण्याची जागा घेऊ शकत नाही. ज्या आसनाची प्रवासात आठवणच होत नाही, ते आसन नीट निवडले गेले असे समजावे.