पैनगंगा दोनदा ओलांडलेली माणसं

ढाणकीच्या दक्षिणेला पैनगंगा आडवी येते. पलीकडे हिमायतनगर, जुन्या माणसांच्या तोंडी वाढोणा. आज ही नदी यवतमाळ आणि नांदेड या दोन जिल्ह्यांची शीव आहे. १९४८ साली इथे दोन राज्यं समोरासमोर उभी होती. अलीकडे स्वतंत्र भारताचा मध्यप्रांत-वऱ्हाड, पलीकडे निजाम मीर उस्मान अली खान याचं हैदराबाद संस्थान. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आलं होतं आणि तेव्हापासून नदी सरकारी हद्द झाली. सोयरिकीची हद्द ती कधीच नव्हती. लेकी अलीकडून पलीकडे जात, सुना पलीकडून अलीकडे येत. रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांच्या, काळात पळायची वेळ आली तेव्हा बहुतेकांना कुठे जायचं हे विचारावं लागलं नाही, त्याचं कारण हेच.

७ ऑगस्ट १९४७ ला हैदराबाद स्टेट काँग्रेसने भारतात विलीन होण्यासाठी आंदोलन पुकारलं. आंदोलनाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. २९ नोव्हेंबरला भारत आणि निजाम यांच्यात ‘जैसे थे’ करार झाला, पण गावांमध्ये काहीच जैसे थे राहिलं नाही. कासिम रझवीच्या रझाकारांचा धुमाकूळ वाढत गेला आणि सरहद्दीवरच्या गावांतून कुटुंबंच्या कुटुंबं नदी उतरून वऱ्हाडात आली. जवळ असलेले पैसे ‘हाली’ शिक्क्याचे, निजामाचे. इकडे भारत सरकारचा ‘कलदार’ रुपया चाले, आणि सहा कलदार रुपयांना सात हाली मोजावे लागत. निर्वासिताची पुंजी नदी ओलांडताच आटे, आणि आसरा देणाऱ्या घरावरचा भार तेवढाच वाढे.

या निर्वासितांत पोरं पुष्कळ होती. शाळा-कॉलेज सोडलेली, विशीच्या आतबाहेरची. स्टेट काँग्रेसने सरहद्दीवर कॅम्प काढले, त्यांतला एक उमरखेडला. कॅम्पांतली मुलं रात्री नदी उतरून करोडगिरीचे, म्हणजे जकातीचे, नाके उठवत, निजामाला महसूल देणारी शिंदीची झाडं तोडत, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळत. ज्या वयात परीक्षेचे फॉर्म भरायचे, त्या वयात बंदूक हातात आली होती. त्यांच्या धाडसाविषयी मराठवाड्यात आदराने बोललं जातं आणि ते योग्यच आहे. पण घर जळालेलं पाहून आलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने ती बंदूक खाली कशी ठेवली, हा प्रश्न मला धाडसाच्या गोष्टीहून मोठा वाटतो.

कारण याच नदीवरून उलट्या दिशेनेही एक वाट होती. फाळणीच्या भीतीने मध्यप्रांत-वऱ्हाडातले मुसलमान हैदराबादच्या आसऱ्याला जात होते. म्हणजे एकाच पाण्यातून एक कुटुंब उत्तरेला उतरत होतं, दुसरं दक्षिणेला. दोघांच्याही डोक्यावर गाठोडी होती, दोघांच्याही कडेवर लेकरं होती. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या कथनात पहिलं कुटुंब ठळक आहे. दुसऱ्याला क्वचितच जागा मिळते.

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, या चढाईला ‘पोलीस कारवाई’ म्हटलं गेलं, आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. वऱ्हाडात आलेली माणसं घरी परतू लागली. काहीजण मोडलेली भिंत उभी करायला परतले, काहीजण हिशोब चुकता करायला. त्यानंतरचे आठवडे मराठवाड्याच्या मुसलमानांसाठी भयंकर गेले. पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल, ‘पयाम’चे संपादक काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचं सदिच्छा मंडळ २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात संस्थानात फिरलं. सोळापैकी नऊ जिल्हे त्यांनी पाहिले आणि जिथे जाता आलं नाही अशा १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. त्यांच्या अंदाजाने पोलीस कारवाईच्या काळात आणि नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसं मारली गेली. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बिदर यांच्या जोडीला नांदेडचं नाव आहे. म्हणजे ढाणकीच्या नदीपलीकडचा जिल्हा. मंडळाचा हा अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आलाच नाही.

याच अहवालात एक नोंद आहे, ती प्रत्येक मराठी शाळेत शिकवावी असं मला मनापासून वाटतं. कित्येक ठिकाणी हिंदूंनी मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवलं, काहींनी त्यापायी प्राणही दिले. एकाच धंद्यातल्या लोकांत ही माया विशेष दिसली. हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या पाठीशी उभे राहिले. उपदेशाने नव्हे, मागाच्या सोबतीने. ज्याच्याशी सुताचा भाव ठरवायचा, उधारी मिटवायची, तो उद्याही हवा असतो. गावातली माफी बहुधा अशीच सुरू होते. कुणी कुणाची क्षमा मागत नाही. पेरणीच्या दिवसांत बैलजोडी मागायला एकजण दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, आणि दुसरा ती देतो.

मात्र अशा अबोल माफीला मर्यादा आहे. जगण्याची गरज असेतो ती टिकते. पुढच्या पिढीकडे फक्त मौन जातं, आणि त्या मौनात कुणीही येऊन आपल्या सोयीची गोष्ट भरू शकतो. रवांडाने १९९४ च्या नरसंहारानंतर गावोगावी ‘गाचाचा’ सभा भरवल्या. मारणारे, वाचलेले आणि साक्षीदार गवतावर समोरासमोर बसले. त्या न्यायावर बरीच टीका झाली, ती रास्तही होती. तरी कुणाला कुठे पुरलं, हे अनेक घरांना तिथेच पहिल्यांदा कळलं. आपल्याकडे पैनगंगेच्या काठी अशी बैठक झाली नाही.

समोरासमोर बसण्याची रीत मात्र आपल्याकडे होती. मार्च १९५१ मध्ये विनोबा भावे सेवाग्रामहून पायी निघाले आणि यवतमाळ, आदिलाबादच्या वाटेने हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला गेले. १९४८ मध्ये ते दिल्लीच्या परिसरात निर्वासितांत आणि मेव मुसलमानांत काम करून आलेले होते. रामनवमीला हैदराबादच्या तुरुंगात जाऊन ते कम्युनिस्ट कैद्यांना भेटले, आणि १८ एप्रिलला पोचमपल्लीत भूदानाला सुरुवात झाली. ज्यांच्याविषयी भीती आहे त्यांच्या दारात आधी जाऊन बसायचं, ही त्यांची रीत सरहद्दीवरच्या गावांना फार उपयोगाची होती.

कुरुंद्याचे विचारवंत नरहर कुरुंदकर १९४८ मध्ये सोळा वर्षांचे होते. पुढे त्यांनी हैदराबादच्या विमोचनावर आणि विसर्जनावर लिहिलं. त्या पिढीतले लिहिणारे थोडे, न बोलता गेलेले असंख्य. तेव्हा दहा वर्षांचं असलेलं मूल आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे, आणि १७ सप्टेंबरचा झेंडा अजूनही फक्त नदीपलीकडे लागतो. मराठवाड्याच्या मुक्तीच्या गोष्टीत आसरा देणारं वऱ्हाड जवळजवळ येतच नाही.

म्हणून ढाणकी, बिटरगाव, उमरखेड आणि हिमायतनगर इथल्या आठवी-नववीच्या मुलामुलींनी येत्या सुट्टीत एकेका म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावं. हिंदू घरांत बसावं, मुसलमान घरांत बसावं, बौद्ध घरांत बसावं. त्यांनी तीन गोष्टी विचाराव्यात. त्या साली तुमच्या घरी कोण राहायला आलं होतं? तुमच्यातलं कोण कुठे गेलं? आणि परत कोण आलं नाही? मग दोन्ही तीरांवरच्या वह्या एका टेबलावर ठेवून मोठ्याने वाचाव्यात, नावांसकट, आणि ज्यांच्या घरातली ती नावं आहेत त्यांना ऐकायला बोलवावं.