पालीच्या वार्ताहराचा दिवस

पहाटे 5

बीडमध्ये पेपरच्या गाड्या उभ्या असतात. छत्रपती संभाजीनगरात छापलेली मोठी दैनिकं रात्रीतून इथवर येतात, जिल्ह्याची दैनिकं इथंच छापलेली असतात. आम्ही एजंट मंडळी खाली बसून पुरवण्या घालतो, अंक मोजतो, गठ्ठे सुतळीनं आवळतो. मग गाडीला गठ्ठा बांधून मी सोलापूर-धुळे महामार्गानं माझ्या गावी, पालीला निघतो.

पेपर टाकणं आणि बातमी लिहिणं ही दोन्ही कामं माझीच. खेड्यातल्या बहुतेक वार्ताहरांचं असंच असतं. बातमीच्या मानधनावर चूल पेटत नाही. घर चालतं ते एजन्सीच्या कमिशनवर, वाढदिवसाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींवर आणि थोड्याफार शेतीवर. त्यामुळे ज्याची जाहिरात छापली, त्याच्याविरुद्धची बातमी लिहायची वेळ येते तेव्हा खरी कसोटी लागते. ती वेळ येतेच, आणि त्या दिवशी काय केलं ते गाव लक्षात ठेवतं.

सकाळी 6:30

रस्त्यावरच्या हॉटेलात चहाबरोबर पेपर उघडतो. एक अंक कितीतरी जण वाचतात. एकजण मोठ्यानं वाचतो, बाकीचे मध्येच थांबवून विचारतात. आधी निधनवार्ता, मग आपल्या तालुक्याचं पान, मग बाजारभाव. मुंबई-दिल्लीचा नंबर शेवटी लागतो. बीडला दैनिकांची हौस मोठी: झुंजार नेता, चंपावतीपत्र, पार्श्वभूमी, लोकाशा, प्रजापत्र अशी किती नावं घ्यावीत! एका जिल्ह्यात इतकी दैनिकं कशी, असं बाहेरचे विचारतात. आपल्या गावाचं नाव छापून यावं ही इथली जुनी भूक आहे.

त्या भुकेला इतिहास आहे. बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ 1832 साली मुंबईत निघालं, पण आम्ही निजामाच्या राज्यात होतो. इथल्या मराठी माणसाला स्वतःचं गाऱ्हाणं मोकळेपणानं छापून आणायला आणखी पुष्कळ वर्षं थांबावं लागलं. आ. कृ. वाघमारे यांनी 1938 मध्ये ‘मराठवाडा’ सुरू केला आणि निजाम सरकारच्या बंदीला तोंड देत तो चालवला. पुढे अनंत भालेराव यांच्या संपादकपदाच्या काळात याच पत्रानं या भागाला स्वतःचा आवाज दिला. 17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची भाषणं होतात, तेव्हा मला बंदुकीइतकीच ती छापील पानं आठवतात.

सकाळी 8:30

पूर्वी या वेळेला गावात घराघरातून एकच आवाज यायचा: दिल्लीहून लागणाऱ्या मराठी बातम्यांचा. आता आकाशवाणी बीड 102.9 वर लागतं ते चहाच्या टपरीत किंवा एखाद्या ट्रॅक्टरवर. बाकी सगळे मोबाइलमध्ये पाऊस बघत असतात. पेरणी कधी करावी, सोयाबीन कधी काढावं, याचा निर्णय मराठवाड्यात आता मोबाइल बघून होतो. परभणी जिल्ह्यातल्या पंजाबराव डखांचा अंदाज व्हॉट्सअ‍ॅपवर आला की बांधाबांधावर त्याची चर्चा. हवामान खात्याचा इशारा त्याच्याशेजारीच येतो, पण त्याची भाषा सरकारी, म्हणून तो मागे पडतो. मी दोन्ही अंदाज ऐकतो आणि शेजाऱ्यांना एवढंच सांगतो की विजेसाठी ‘दामिनी’ अ‍ॅप ठेवा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं ते केलंय, आसपास वीज पडण्याची शक्यता असेल तर आधी कळवतं. भाद्रपदात शेतात झाडाखाली उभ्या राहिलेल्या माणसाला ती सूचना वाचवू शकते.

सकाळी 11

ग्रामपंचायत. एकेकाळी कोतवाल गल्लोगल्ली दवंडी द्यायचा. आता ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर निरोप टाकला की निरोप पोचला असं धरतात. दवंडी मात्र बहिऱ्यालाही शेजारी सांगायचा. ग्रुपवरचा निरोप ज्याच्याकडे मोबाइल आहे त्यालाच मिळतो, आणि कितीतरी घरांत मोबाइल एकच, तोही पोराच्या खिशात. ग्रामसभेला बाया कमी येतात याचं एक कारण हे आहे, आणि मी ते बातमीत लिहितो.

एक मावशी ओट्याशी थांबवते. पदराखालून पोराचा मोबाइल काढते.

‘भाऊ, ही लिंक खरी हाय का? लाडक्या बहिणीचे पैसे बंद व्हतेत म्हणं, आत्ताच भरा म्हणतेत.’

‘मावशी, आधार नंबर टाकला का यात?’

‘नाय अजून. तुला इचारून टाकीन म्हणलं.’

‘नका टाकू. अंगणवाडीच्या ताईंकडं चला.’

‘लाडकी बहीण’ योजना 2024 मध्ये आली आणि दरमहा दीड हजार रुपये बायकांच्या खात्यात पडू लागले. तिच्या मागोमाग तिच्या नावाच्या खोट्या लिंकही आल्या. पंधराशे रुपये हे ज्या घरात किराणा आणि औषध आहेत, तिथं अशी लिंक दरोड्यासारखीच असते. ही बातमी वरून येत नाही, मावशीच्या हातातल्या मोबाइलमधून मिळते.

दुपारी 1

पालीचं नाव महाराष्ट्रभर पोचलं ते आनंदग्राममुळे. दत्ता आणि संध्या बारगजे यांनी इन्फंट इंडिया या संस्थेतर्फे एचआयव्हीबाधित मुलांसाठी उभं केलेलं हे घर. तिकडे जाताना मला एक जुनी गोष्ट नेहमी डाचते. 1990 च्या दशकात एड्सबद्दल जागृती करायला भिंतींवर कवट्यांची चित्रं आणि मृत्यूच्या धमक्या रंगवल्या गेल्या. हेतू चांगला होता. पण लोकांच्या मनात आजाराची भीती कमी आणि आजारी माणसाची भीती जास्त भरली. भारतात 2004 पासून एचआयव्हीवरची एआरटी ही औषधं सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. नियमानं घेतली तर माणूस शिकतो, कामधंदा करतो, संसार करतो. भिंतीवरची कवटी कधीच पुसली गेली, लोकांच्या डोक्यातली अजून आहे. एकाच ताटात जेवल्यानं होतं का, शेजारी बसल्यानं होतं का, असं आजही विचारणारे भेटतात.

म्हणून इथली बातमी लिहिताना माझे नियम ठरलेले आहेत. मुलांचं नाव नाही, चेहरा नाही, शाळा ओळखू येईल असा तपशील नाही. 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू आहे. संमतीशिवाय कुणाची लागण उघड करायला आणि अशा लोकांविरुद्ध द्वेष पसरवणारा मजकूर छापायला त्यानं मनाई केली आहे. पण कायदा नसता तरी हे पाळलंच असतं. एका फोटोनं कणव मिळते, देणगीही मिळत असेल, पण त्या मुलाला पुढे लग्नाला, नोकरीला आयुष्यभर तो फोटो आडवा येतो.

दुपारी 4

पाऊस लागला की या सुमाराला एखादा व्हिडिओ येतोच: पांढरंफेक पाणी, पळणारी माणसं, खाली ओळ – ‘बिंदुसरा फुटलं, बीडकरांनो सावध’. बीडला ही भीती खोटी वाटत नाही. 23 जुलै 1989 च्या पुरात याच बिंदुसरा नदीनं काठच्या वस्त्या नेल्या. ज्यांनी तो पूर पाहिला त्यांना नुसतं ‘फुटलं’ म्हटलं तरी धडकी भरते.

बिंदुसरा धरण आमच्या गावाला लागूनच आहे. मी गाडीला किक मारतो आणि जातो. सांडव्यावरून पाणी पडत असतं, बांध जागच्या जागी असतो. पाटबंधारेच्या माणसाला विचारतो, पाण्याची पातळी लिहून घेतो, तारीख-वेळ सांगत तिथूनच व्हिडिओ करतो आणि त्याच ग्रुपवर टाकतो. लोक फोन करतात, ‘तू स्वतः बघितलं का?’ ‘हो, इथंच उभाय’ म्हटलं की शांत होतात. आलेला व्हिडिओ कुठला, कोणत्या वर्षीचा, हे नंतर निवांत शोधतो.

ही धावपळ वायफळ नाही, हे महाराष्ट्रानं रक्त सांडून शिकलंय. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ती मुख्यतः सोलापूरच्या मंगळवेढा भागातली, भिक्षा मागून जगणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती. टोळीची अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ‘थांबा, आधी विचारू’ असं म्हणणाऱ्याचं ऐकलं गेलं असतं, तर त्या दिवशी ती पाच माणसं आपल्या पालावर परतली असती.

संध्याकाळी 7

घराघरात मालिका आणि चर्चेचे कार्यक्रम सुरू होतात. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं 15 ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायला सुरुवात केली. मुलं अभ्यासाला बसतात, मोठी माणसं एकमेकांशी बोलतात. पालीतही असं व्हावं असं मी ग्रामसभेत बोलणार आहे. पण आमच्याकडे एक अडचण वेगळी. दसऱ्यानंतर जिल्ह्यातली लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. त्यांतल्या पुष्कळांची पोरं आजीजवळ राहतात, आणि फडावरच्या आईला पोराचा चेहरा दिसतो तो याच वेळी, व्हिडिओ कॉलवर. त्या घरांचा फोन चालू ठेवूनच आम्हाला भोंगा वाजवावा लागेल.

वाहिन्यांवरचा बीड बघताना जीव तुटतो. दुष्काळ, ऊसतोड, खून. 9 डिसेंबर 2024 ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. वाहिन्या आणि वर्तमानपत्रं पाठीस लागली नसती तर ते प्रकरण दाबलं गेलं असतं, असं इथं पुष्कळांना वाटतं आणि मलाही वाटतं. पण मार्च 2025 मध्ये त्यांच्या छळाची छायाचित्रं बाहेर आली आणि लहान पोरांच्या हातातल्या मोबाइलवरही फिरली. मी ती पुढे पाठवली नाहीत. न्यायाची मागणी करायला प्रेताची विटंबना दाखवायची गरज नसते. त्या काळात सगळा जिल्हाच गुन्हेगार ठरला. शिकायला पुण्याला गेलेल्या आमच्या पोरांना जिल्ह्याचं नाव सांगताना अडखळावं लागावं, हे एका गुन्ह्याचं फळ नाही. रोज तेच तेच दाखवण्याचं आहे.

रात्री 9:30

दैनिकाच्या जिल्हा कार्यालयाला बातम्या पाठवतो. ग्रामसभेतली बायकांची गैरहजेरी, खोट्या लिंकपासून सावधगिरी, धरणाची पातळी. उद्या यातली एखादी छापून येईल, तीही कदाचित कापून. सगळी बातमी वरून खाली येते तेव्हा गाव फक्त ऐकत राहतं. गावातून वर काही गेलं तरच गावाचं खरं चित्र बाहेर दिसतं. आजचा दिवस एवढ्यासाठीच खर्ची पडला.

वाचकांना माझं मागणं साधं आहे. तुमच्या गावचा वार्ताहर कोण, ते माहीत करून घ्या. तो चुकीचं छापेल तर जाब विचारा, बरोबर छापेल तर त्याचा अंक विकत घ्या. आणि मोबाइलवर काही भयंकर आलं, तर पुढे पाठवण्याआधी त्या गावातल्या एका तरी माणसाला फोन करा.