बीजदात्रीचे औषध

दान हा शब्द आपल्या फार ओळखीचा आहे. अन्नदान, विद्यादान, आणि आता रक्तदानही. रक्त द्यावयास गेलेल्या माणसाच्या शरीरात आधी दहा दिवस औषध टोचून रक्त वाढवावे लागत नाही. असलेले थोडे काढून घेतात, कपभर कॉफी देतात, आणि तो घरी जातो. स्त्रीबीजदानाचे तसे नाही. तेथे द्यावयाची वस्तू दात्रीच्या शरीरात औषधांनी आधी तयार करवून घ्यावी लागते. आणि ही औषधे जी घेते तिला स्वतःला कसलाही आजार नसतो. मूल लाभलेल्या जोडप्याविषयी आपण पुष्कळ वाचतो. आज आम्ही बोलणार आहोत ते ह्या निरोगी स्त्रीविषयी.

बीजांच्या बाबतीत निसर्ग मोठा उधळ्या आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन्ही बीजकोशांत मिळून दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईतो तीनचार लाख उरतात, आणि उभ्या आयुष्यात पक्व होऊन बाहेर पडतात ती जेमतेम चारपाचशे. प्रत्येक बीजाभोवती एक बारीक पिशवी असते, तिला पुटक म्हणतात. दर महिन्याला काही पुटके वाढीला लागतात. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी आहे. तिच्यातून येणाऱ्या एफ.एस.एच. नावाच्या संप्रेरकावर ती पोसली जातात. त्यांतले एक पुढे सरसावले, की त्यातून निघणारा स्राव पिट्यूटरीला 'आता पुरे' असे कळवितो. रसद आटते आणि बाकीची उपाशी मरतात. पंगतीत एकाच पानावर वाढून भांडे उचलावे तसा हा प्रकार! औषध हे भांडे उचलू देत नाही. आठ ते बारा दिवस रोज एफ.एस.एच. टोचले, की एरवी मरणारी दहापंधरा पुटकेही वाढतात. ज्या बीजांचे मरण त्या महिन्यात ठरलेलेच होते तीच वाचतात. म्हणून दात्रीचा पुढचा साठा लवकर संपेल ही भीती शास्त्राला धरून नाही.

ह्या औषधाचा उगम मोठा गमतीचा आहे. ऋतुनिवृत्तीनंतर बीजकोश थकतात, पण पिट्यूटरी त्यांना हाका मारीतच राहते. त्यामुळे वयस्क स्त्रियांच्या मूत्रात हे द्रव्य विपुल असते. इटलीतील सेरोनो कंपनीने मठांतील वृद्ध ननचे मूत्र गोळा करून ते काढले, आणि डॉ. ब्रुनो लुनेनफेल्ड ह्यांनी ते वापरल्यावर १९६२ साली इस्राएलमध्ये पहिले मूल जन्मले. १९७८ साली इंग्लंडात जन्मलेल्या लुईझ ब्राउनच्या वेळी असे औषध नव्हते. निसर्गाने दिलेल्या एकाच बीजावर काम भागले. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय ह्यांनी मात्र औषधाने बीजकोशाला उत्तेजन दिले होते. आज बहुतेक ठिकाणी तीच वाट चालतात.

पोट फुगणे, मळमळ, डोके दुखणे, मन उगाच खिन्न होणे, हे त्रास ह्या दिवसांत अनेकींना होतात आणि बहुधा ओसरतात. पुटके वेळेआधी फुटू नयेत म्हणून ल्यूप्रोलाइड रोज दिले, तर पंचविशीतल्या मुलीलाही ऋतुनिवृत्तीसारख्या उष्णतेच्या लाटा येतात. बीजकोश मोसंब्याएवढा सुजला तर तो देठाशी पिळवटला जाण्याचा धोका असतो. म्हणून धावपळ करू नये, जड घागरी उचलू नयेत.

खरा कसोटीचा क्षण शेवटच्या इंजेक्शनाचा. बीजे पक्व करण्यासाठी ते देतात, आणि सुमारे छत्तीस तासांनी भूल देऊन, सुईने बीजे ओढून घेतात. ह्या कामी पूर्वीपासून एच.सी.जी. वापरीत आले. ते शरीरात कित्येक दिवस रेंगाळते. फुगलेल्या बीजकोशातून त्यामुळे असे द्रव्य सुटते, की बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी पोटात साठते आणि रक्त घट्ट होते. तीव्र प्रकार शेकडा एकदोघींतच दिसतो. पण तो झाला तर धाप लागते, लघवी कमी होते, रक्ताच्या गुठळ्या होतात, क्वचित प्राणही जातो. तरुण, सडपातळ आणि पुष्कळ पुटके असलेल्या स्त्रीला हा धोका अधिक, आणि दात्री म्हणून निवडतात ती नेमकी अशीच!

ह्यावर उपाय आहे. रोज दिले असता पिट्यूटरीला गप्प करणारे ल्यूप्रोलाइड एकदाच दिले तर तिला जोराने जागे करते; बीजे पिकतात, आणि परिणाम लवकर ओसरतो. मात्र आधी ते रोज दिलेले नसावे. पुटके आवरण्यासाठी सेट्रोरेलिक्ससारखे दुसरे औषध वापरलेले असावे. दात्रीला स्वतःला गर्भ धरावयाचा नसल्याने हा मार्ग तिला विशेष सोयीचा आहे. तेव्हा 'माझे शेवटचे इंजेक्शन कोणते?' हे तिने पहिल्याच भेटीत विचारावे. त्याने डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आपल्याकडे २०२१ च्या कायद्याने दात्रीचे वय २३ ते ३५ ठरविले आहे; तिने जन्मात एकदाच बीजे द्यावी, आणि सातांहून अधिक काढू नयेत, असे बंधन घातले आहे. पुटके काही कायदा वाचून वाढत नाहीत, हे खरे. पण सातच घ्यावयाची तर औषधाची मात्रा बेताची ठेवण्यास कारण मिळते, आणि आमच्या मते ह्या कलमाचा खरा उपयोग तोच आहे. मूल इच्छिणाऱ्या जोडप्याने दात्रीचा बारा महिन्यांचा विमा उतरविला पाहिजे, असेही हा कायदा सांगतो.

त्यानंतरचे काय? अमेरिकेत २००७ साली ह्या विषयावर तज्ज्ञांचा एक अहवाल प्रसिद्ध झाला; दूरच्या परिणामांची माहिती अपुरी आहे, हे त्यात नमूद आहे. औषधे घेतलेल्या वंध्य स्त्रियांच्या पाहण्यांतून स्तनांच्या कर्करोगाबद्दल बराच दिलासा मिळाला आहे. पण त्या स्त्रिया उपचारासाठी आलेल्या, दात्री नव्हेत. दात्रींचा पाठपुरावा फारसा कोणी केलेलाच नाही. म्हणून औषधांची नावे, मात्रा व तारखा असलेला कागद तिने मागून घेऊन जपून ठेवावा. आणि बीजे काढल्यावर पोट एकाएकी वाढू लागले, दम लागला वा एका बाजूला असह्य कळ आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.