शस्त्रक्रियेनंतरचा श्वास : गैरसमज आणि वस्तुस्थिती

पोटाची किंवा छातीची मोठी शस्त्रक्रिया होऊन रुग्ण वॉर्डात परतला, की एक-दोन दिवसांत त्याच्या उशाशी पारदर्शक प्लॅस्टिकचे एक यंत्र येऊन बसते : तीन उभ्या नळकांड्या, प्रत्येकीत एक हलका रंगीत चेंडू, नळकांड्यांवर ६००, ९००, १२०० असे आकडे आणि बाजूला एक लवचिक नळी. फिजिओथेरपिस्टने त्याचा उपयोग समजावून पाठ फिरवली न फिरवली तोच भेटीस आलेले आप्तेष्ट त्या यंत्राचा कब्जा घेतात आणि "फुंका काका, जोरात फुंका, तिन्ही बॉल वर गेले पाहिजेत" असे फर्मान सुटते. काका दम लागेपर्यंत फुंकतात. चेंडू ढिम्म हलत नाहीत. अखेर कोणी कल्पक गृहस्थ यंत्र उलटे धरून दाखवतो आणि फुंकरीसरशी चेंडू उडालेले पाहून मंडळींचे समाधान होते.

वस्तुतः हे यंत्र फुंकण्याचे नव्हेच. ते सुलटे, डोळ्यांसमोर धरावयाचे, आधी श्वास सावकाश सोडावयाचा, मग नळीचे तोंड ओठांत घट्ट धरून हवा आत ओढावयाची आणि छाती भरली म्हणजे दोन-तीन सेकंद थांबावयाचे, असा त्याचा क्रम आहे. आकड्यांचाही असाच घोटाळा होतो. ते फुप्फुसात गेलेल्या हवेचे माप नसून तिच्या वेगाचे, म्हणजे दर सेकंदास किती घनसेंटिमीटर हवा आत गेली याचे माप असते. सबब ज्याने अर्ध्या सेकंदाच्या हिसक्यात तिन्ही चेंडू छताला टेकवले त्याच्या पदरात जेमतेम सहाशे घनसेंटिमीटर हवा पडते, तर ज्याने पहिलाच चेंडू तीन सेकंद तोलून धरला तो त्याच्या तिप्पट, अठराशे घनसेंटिमीटर हवा आत घेतो. शिवाय या यंत्रावाचून अडते असेही नाही. पोटाच्या वरच्या भागातील शस्त्रक्रियांसंबंधी झालेल्या १२ चाचण्यांचे दप्तर कॉक्रेन या नावाजलेल्या संस्थेने २०१४ साली तपासले, तेव्हा यंत्राशिवाय केलेल्या खोल श्वसनाहून यंत्र श्रेष्ठ ठरावे असा भक्कम पुरावा तिला मिळाला नाही. ज्याला यंत्र मिळाले नाही त्याने म्हणून खंत करू नये. जागेपणी दर तासाला आठ-दहा खोल श्वास, तेही मध्ये थोडी विश्रांती घेत, एवढ्यावर त्याचे काम भागण्यासारखे आहे.

हे सारे कशासाठी, हे ठाऊक नसेल तर मात्र तो केवळ एक उपचार होऊन बसतो. संपूर्ण भूल दिली, की स्नायू शिथिल होऊन श्वासपटल छातीकडे वर सरकते आणि पाठीवर निजलेल्या रुग्णाच्या फुप्फुसाचा मागचा, तळाचा भाग मिटू लागतो. भूल दिलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोकांत हा प्रकार कमीअधिक प्रमाणात घडतो, मग त्यांची फुप्फुसे आधी कितीही धडधाकट असोत. निरोगी माणूस दर पाचेक मिनिटांनी, स्वतःच्याही नकळत, एक मोठा श्वास घेतो आणि त्या सहज उसाशाने मिटू पाहणारे वायुकोश पुन्हा उघडतात. शस्त्रक्रियेनंतर वेदनेमुळे श्वास उथळ झाला आणि वेदनाशामकांच्या गुंगीची त्यात भर पडली, म्हणजे निसर्गाने केलेला हा बंदोबस्त नेमका गरजेच्या वेळीच मोडतो. पोटाच्या वरच्या भागावर चीर असेल तर एका दमात आत घेऊन बाहेर सोडता येणारी हवा पहिल्या एक-दोन दिवसांत जवळजवळ निम्म्यावर येते आणि पूर्ववत व्हायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक मुदत लागते. मिटलेल्या भागात कफ साचतो आणि साचलेल्या कफात न्यूमोनियाला आयतीच जागा मिळते. चिकटलेल्या ओल्या पिशवीचे तोंड उघडताना हिसका देऊन चालत नाही, धीराने फुंकर घालावी लागते. वायुकोशांचीही तीच तऱ्हा असल्यामुळे श्वास सावकाश घेण्यावर आणि शेवटी क्षणभर थांबण्यावर एवढा कटाक्ष असतो. ही समज आजकालची नव्हे. लंडनचे डॉक्टर विल्यम पाश्चर (सुप्रसिद्ध लुई पाश्चर ते हे नव्हेत) यांनी १९०८ साली फुप्फुस मिटण्याच्या या विकारावर व्याख्यान दिले होते, आणि पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, कोर्टलँड मॅकमहोन यांनी फुप्फुस व श्वासपटल यांना जखमा झालेल्या सैनिकांसाठी श्वसनाच्या व्यायामांची पद्धत प्रसिद्ध केली होती.

गैरसमज रुग्णांचेच असतात असे मात्र नव्हे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या-दुसऱ्या दिवशी येणारा ताप मिटलेल्या फुप्फुसामुळे येतो, ही शिकवण वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी मुखोद्गत केली. पुढे २०११ साली उपलब्ध अभ्यासांची छाननी झाली तेव्हा तिला म्हणण्यासारखा आधार सापडला नाही.

घरातील वडीलधाऱ्यांचा मुख्य आक्षेप टाक्यांविषयी असतो. "हलू नकोस, खोकू नकोस, टाके उसवतील" हे वाक्य ज्याने रुग्णालयात ऐकले नाही असा मराठी माणूस विरळाच. आणि त्यामागील माया खरी असल्यामुळे तिला नुसते हसून उडवूनही देता येत नाही. तथापि पोटाची चीर थराथराने शिवलेली असते, तिचा भार वरच्या कातडीवर नसून आतल्या चिवट पडद्यावर असतो, आणि हृदयाच्या शस्त्रक्रियेत चिरलेले उरोस्थी बहुधा पोलादी तारांनी सांधलेले असते. रीतसर आधार घेऊन केलेल्या खोल श्वसनाने ही शिवण सहसा उसवत नाही. आधार घेण्याची युक्ती अगदी साधी आहे. उठून बसावे किंवा गुडघे दुमडावेत, एक घट्ट उशी चिरेवर दोन्ही हातांनी दाबून धरावी आणि खोकण्याऐवजी तोंड उघडे ठेवून, आरशावर वाफ धरतो तसा "हा" असा दमदार उच्छ्वास एक-दोनदा सोडावा. कफ सैल होऊन घशाशी आला म्हणजे मगच खोकावे. दाबून धरलेला खोकला काही नाहीसा होत नाही, तो पुढे अवेळी आणि उशीविना उसळतो. डोळा, मेंदू आणि हर्निया यांच्या शस्त्रक्रियांत मात्र जोर आणि खोकला यांविषयीचे नियम निराळे असतात. तेथे शस्त्रवैद्याचा शब्द प्रमाण मानावा.

वेदनाशामक गोळी नाकारणे हा सहनशीलतेचा दाखला समजणारी माणसे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या निग्रहाविषयी मला आदर आहे, पण तो येथे अस्थानी आहे. ज्याची चीर ठणकत असते तो खोल श्वास घेऊच शकत नाही. म्हणून गोळीचा अंमल सुरू झाल्यावर श्वसनाला बसावे, आणि दुखण्यामुळे श्वास अर्ध्यावर अडकत असेल तर तसे सिस्टरला निःसंकोच सांगावे.

आता प्राणायामाविषयी. योगाभ्यासी माणूस शस्त्रक्रियेतून उठला, की आपला नित्यक्रम लगोलग सुरू करण्याची त्याला घाई होते आणि कपालभाती व भस्त्रिका यांवर त्याची विशेष भिस्त असते. या दोन्ही क्रियांत पोटाला वारंवार झटके बसतात, उदरातील दाब वाढतो, आणि ताज्या चिरेला नेमके हेच नको असते. भराभर श्वास घेतल्याने "जास्त ऑक्सिजन मिळतो" ही समजूतही टिकणारी नाही : निरोगी फुप्फुसे असलेल्या माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी विसाव्याच्या श्वसनातही ९५ टक्क्यांहून अधिक प्राणवायूने भरलेल्या असतात, त्यांत आणखी काय भरणार? उलट कार्बन डायऑक्साइड अवाजवी घटून मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हातापायांना मुंग्या येतात आणि डोके गरगरते. १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन करून योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासून पाहणारे स्वामी कुवलयानंद यांनीही प्राणायामाची थोरवी प्राणवायूच्या अधिक पुरवठ्यावर उभी केली नव्हती. डॉक्टरांची संमती असेल तर श्वास न रोखता केलेला संथ अनुलोम-विलोम पुरे. झटक्यांच्या क्रियांना काही आठवडे रजा द्यावी.

संथ श्वसनाचा मनाशी आणि हृदयाशी संबंध आहे तो मात्र काल्पनिक नव्हे. श्वास घेताना नाडी किंचित जलद चालते आणि सोडताना मंदावते. उच्छ्वास लांबवला म्हणजे विश्रांतीचा कारभार पाहणाऱ्या मज्जातंतूंचे पारडे जड होते. इटलीतील संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लॅटिनमधील माळेचा जप आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र या दोहोंनीही श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत उतरला आणि रक्तदाबाचे नियमन करणाऱ्या प्रतिक्षेपाची संवेदनक्षमता वाढली. आमच्या आजोळी संध्याकाळी जपाला बसणाऱ्यांना हे वाचून नवल वाटले नसते. पण यावरून संथ श्वासाने जखम लवकर भरते किंवा गोळ्यांची गरज उरत नाही असा निष्कर्ष काढणे म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणे होय. धास्ती कमी होते, धडधड निवते, स्नायूंचा ताठा उतरून कूस बदलणे सोपे जाते, आणि रुग्णशय्येवर एवढा लाभही थोडका नाही.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज वेळेचा आहे. हे व्यायाम शस्त्रक्रिया झाल्यावर शिकावयाचे, असे बहुतेकांनी गृहीत धरलेले असते. परंतु भुलीच्या गुंगीत, नाकात नळी आणि पोटावर चीर असताना नवी विद्या शिकणे ही शिक्षाच आहे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे ४४१ रुग्णांवर झालेल्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी फिजिओथेरपिस्टबरोबरच्या अवघ्या ३० मिनिटांच्या एका बैठकीत हे श्वसन समजावून शिकवले गेले, तेव्हा फुप्फुसांचे उपद्रव २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. एवढ्या अल्प खर्चात एवढा गुण देणारे इलाज वैद्यकात फार नाहीत, आणि तरीही शस्त्रक्रियेची तारीख ठरवताना आपण खोलीचे भाडे आणि विम्याचे कागद यांची चौकशी करतो, या बैठकीची करत नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्याने ती निदान चार आठवडे आधी सोडावी. ऐन वेळी सोडल्याने अपाय होतो ही वदंताही तपासात खरी ठरलेली नाही, तेव्हा मुदत टळली म्हणून ओढत राहण्याचे कारण उरत नाही.

श्वसनाच्या व्यायामाचे अधिकारक्षेत्रही ओळखून असावे. पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी घोटे हलवणे, लवकर उठून चालणे आणि डॉक्टरांनी दिली असल्यास रक्त पातळ ठेवणारी इंजेक्शने हेच उपाय आहेत. एकाएकी धाप लागली, छातीत कळ आली, पोटरी सुजून दुखू लागली किंवा थुंकीत रक्त दिसले, तर खोल श्वास घेत स्वस्थ बसू नये. तत्काळ सिस्टरला हाक मारावी, आणि रुग्ण घरी आलेला असेल तर दुसऱ्या दिवसाच्या ओपीडीची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.