जापचे : सबुरी कुठे, घाई कुठे

कोरियन मालिकेत वाढदिवसाचं किंवा लग्नाचं जेवण मांडलं की चकचकीत, तपकिरी झाक असलेल्या नूडल्सची एक मोठी थाळी टेबलावर बहुतेक असतेच. ते जापचे. मालिका बघून घरी कोरियन जेवणाचा बेत आखणारे आपल्याकडेही कमी नाहीत. दहा-बारा जणांसाठी जापचे निवडणं शहाणपणाचंच आहे. ते गरमागरम वाढायलाच हवं असं नाही, मांसाशिवायही अपुरं वाटत नाही आणि निम्मी तयारी आदल्या दिवशी उरकते. अडचण एवढीच, की आपण ते हक्का नूडल्सच्या सवयीने करायला घेतो : मोठी आच, एकच कढई, भराभर ओतलेले सॉस. जिथे थांबायचं तिथे आपण धावतो.

मुळात हा नूडल्सचा पदार्थच नव्हता. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, ग्वांगहेगुन राजाच्या काळात (1608–1623), यी चुंग नावाच्या दरबाऱ्याने राजाला जापचे खिलवून बढती मिळवली, अशी कथा आहे आणि त्यावरून त्या काळी लोकांनी त्याची टरही उडवली. ते जापचे म्हणजे निरनिराळ्या भाज्या. जांग ग्ये-ह्यांग या बाईंनी 1670च्या सुमारास लिहिलेल्या ‘उमशिक दिमीबांग’ या पाककृतींच्या पुस्तकातल्या जापचेत भाज्या आहेत, मशरूम आहेत, फेझंट पक्ष्याचं मांस आहे. नूडल्स मात्र नाहीत. त्या आल्या विसाव्या शतकात, 1919मध्ये सारिवॉन इथे स्टार्चच्या नूडल्सचा कारखाना निघाल्यानंतर. म्हणून प्रमाण ठरवताना नूडल्सवर भर देऊ नये. इतर दोन-तीन पदार्थ असतील तर 500 ग्रॅमचं एक पाकीट दहा जणांना पुरतं. बाकीची थाळी गाजर, पालक, कांदा आणि मशरूमनी भरायची.

या नूडल्स रताळ्याच्या स्टार्चच्या असतात, मैद्याच्या नव्हेत. त्यामुळे गव्हाचं पथ्य असलेल्या पाहुण्याला ‘तुला चालेल’ असं सांगितलं जातं. ते चूक आहे, कारण नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. पाहुण्याचं पथ्य खरोखरचं असेल तर सॉस बिनगव्हाचा आणावा लागतो.

आता मशरूम. ‘ताजे शिताके मिळाले नाहीत तर वाळवलेले चालवून घ्या’ हा सल्ला नेमका उलटा आहे. ताज्या शिताकेची चव सौम्य असते. वाळवताना त्याच्या पेशी फुटतात, आणि नंतर भिजवून तापवताना त्यातल्या आरएनएचं विघटन होऊन ग्वानिलेट तयार होतं. शिताकेची ती खोल, जिभेवर रेंगाळणारी चव याची आहे, हे अकिरा कुनिनाका या जपानी संशोधकाने 1957मध्ये दाखवलं. त्याआधी 1908मध्ये किकुनाए इकेदा यांनी कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं होतं. सोया सॉसमध्येही ते भरपूर असतं. ग्लुटामेट आणि ग्वानिलेट एकत्र आले की चवीची नुसती बेरीज होत नाही, ती कितीतरी पटींनी वाढते. जापचेत सोया सॉस आणि शिताके शेजारी येतात ते याच कारणाने उपयोगाचं. अजिनोमोटोशिवाय हॉटेलसारखी चव येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावं. (त्या पांढऱ्या पुडीतही तेच ग्लुटामेट असतं. तिची भीती 1968मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेल्या पत्रापासून पसरली. नंतरच्या नियंत्रित चाचण्यांत तिला ठोस आधार मिळाला नाही.)

घाई सगळ्यात जास्त होते ती भिजवताना. उकळतं पाणी ओतलं की अर्ध्या तासात मशरूम मऊ होतात, हे खरं. पण ग्वानिलेट तयार करणारे एन्झाइम उकळत्या पाण्यात निकामी होतात. कोमट पाणीही तितकंच वाईट : त्यात ग्वानिलेट मोडणारे एन्झाइम जोमात येतात. उपाय म्हणजे गार पाणी आणि फ्रिज. रात्री झाकून ठेवले की सकाळपर्यंत आतपर्यंत फुगतात. एवढ्याने चव तयार होते असं मात्र नाही. ती तयार होते तापवताना, साधारण 60 ते 70 अंशांच्या टप्प्यात, म्हणून भिजवलेलं पाणी मशरूमसकट मंद आचेवर सावकाश तापवायचं. ते पाणी ओतून देणं म्हणजे अर्धा पदार्थ मोरीत घालणं. तळाशी बसलेली माती-रेती तेवढी मागे ठेवायची आणि वरचं तपकिरी पाणी गाळून, आटवून सॉसमध्ये मिसळायचं. शिताकेचे देठ भिजूनही चिवटच राहतात. ते त्याच पाण्यात उकळून काढून टाकावेत.

यावर कुणी म्हणेल, मग दोन दिवस भिजवले तर आणखी चांगले! इथे सबुरीच धोक्याची ठरते. जापचेत शिताकेबरोबर पातळ, काळपट, कुरकुरीत असं आणखी एक मशरूम घालतात. त्याच्या पाकिटावर कधी कधी ‘ब्लॅक फंगस’ छापलेलं असतं. 2021मध्ये करोनानंतर आलेल्या म्युकरमायकोसिसशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्याला भिजायला गार पाण्यात तासभरही पुरतो. चीनमध्ये मात्र ते खोलीच्या तापमानाला एक-दोन दिवस पाण्यात तसंच ठेवून खाल्ल्यामुळे गंभीर विषबाधा झाल्या आहेत. दोष मशरूमचा नसतो, त्या पाण्यात वाढणाऱ्या जीवाणूचा असतो. त्याच्यामुळे बाँगक्रेकिक आम्ल तयार होतं. त्याला वास नाही, चव नाही आणि शिजवल्याने ते नष्टही होत नाही. ऑक्टोबर 2020मध्ये हेलोंगजियांग प्रांतात एका कुटुंबाच्या एकत्र जेवणात आंबवलेल्या मक्याच्या नूडल्समधून याच विषाने नऊ जण दगावले. नूडल्स न आवडल्यामुळे ज्या मुलांनी त्या खाल्ल्या नाहीत, ती वाचली. असे प्रसंग विरळा असतात, पण मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर रात्रभर काही भिजत ठेवू नये एवढं कळायला ते पुरेसे आहेत. भिजवणं फ्रिजमध्येच, आणि दुसऱ्या दिवशी वापरून टाकायचं.

भिजलेले मशरूम मऊ दिसतात म्हणून शेवटी नुसते वरून मिसळणारेही भेटतात. वाळवणं म्हणजे शिजवणं नव्हे. कच्चे किंवा अर्धेकच्चे शिताके खाल्ल्यावर काही जणांच्या अंगावर चाबकाचे वळ उठावेत तसे लाल, खाजरे पट्टे उठतात. जपानमध्ये याची वैद्यकीय नोंद 1977मध्ये झाली. नीट शिजवले की हा त्रास टळतो. सोया सॉस, साखर आणि लसूण घालून ते पॅनमध्ये चांगले परतावेत.

परतण्यावरून आठवलं, एकाच कढईत सगळं ढकलायचा मोह इथे आवरावा लागतो. गाजर, कांदा आणि मशरूम वेगवेगळे परततात, पालक उकळत्या पाण्यातून काढून पिळून घेतात. एकत्र टाकलं की पाणी सुटतं आणि दहा जणांचं जापचे गिचका होतं. भाज्यांचं हे काम दुपारीच उरकता येतं. नूडल्स भरपूर पाण्यात सहा-सात मिनिटं उकळून निथळायच्या आणि लगेच सोया सॉस व तिळाचं तेल चोळायचं. मग त्या चिकटत नाहीत. 500 ग्रॅमला साधारण अर्धा कप सोया सॉस लागतो. तेलाबाबत एक सांगायलाच हवं : आपलं घाण्याचं तिळाचं तेल कच्च्या तिळाचं, फिकट असतं. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, गडद आणि खमंग असतं. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. ते आच बंद केल्यावरच घालायचं. शेवटचं मिसळणं परातीत, हातानेच. झाऱ्याने नूडल्स तुटतात आणि मशरूम तळाशी जातात.

उरलं तर फ्रिजमध्ये ठेवल्यावर नूडल्स पांढुरक्या आणि कडक होतात. बिघडल्या समजून टाकू नयेत. स्टार्च गार झाल्यावर घट्ट होतो, एवढंच. पॅनमध्ये दोन चमचे पाणी शिंपडून मंद आचेवर परतल्या की त्या पुन्हा पारदर्शक होतात.