आधी बाजार, मग पाडकाम

सकाळी ६.३०
ठाण्याच्या वर्तकनगर नाक्यावर दुधाचे क्रेट उतरतायत. उपवन तलावाला फेरी मारून परतणारी मंडळी पोखरण रस्त्याच्या कडेने येतात आणि नेहमीच्या टपरीवर चहाला थांबतात. मी वास्तुविशारद. इथल्या जुन्या म्हाडा वसाहतीतल्या एका संस्थेचा पुनर्विकास व्हायचा आहे आणि त्यातल्या गाळ्यांचा आराखडा माझ्याकडे आहे. कागद उघडण्याआधी मी तासभर इथे उभी राहते. रिक्षातून उतरलेला माणूस कुठे वळतो, ऊन चढल्यावर लोक कुठल्या बाजूने चालतात, शाळेच्या वेळी कुठल्या दुकानापुढे गर्दी होते, हे वहीत टिपते. बाजार पायांच्या सवयीवर चालतो, आणि ती सवय कुठल्याच नकाशात नसते.

सकाळी ९.००
मोजणी. पिठाच्या गिरणीत टेप धरायला गिरणीवाले काका स्वतः पुढे येतात. कागदावरचा गाळा आणि प्रत्यक्षातला गाळा यांत फरक असतोच: पोटमाळा, पुढचा ओटा, मागची पत्र्याची शेड. काय अधिकृत, काय वाढीव, याची वेगळी नोंद घ्यावी लागते. काका सांगतात, "मॅडम, पूर्वी कंपनीची पाळी सुटली की इथे डब्यांची रांग लागायची." शेजारच्या जेकेग्रामात १९२५ सालापासूनची रेमंडची लोकरी गिरणी होती, पलीकडे वागळे इस्टेट. पाळ्यांच्या त्या गर्दीने हा नाका पोसला. आता रेमंडच्या जमिनीवर टॉवर उभे राहतायत. गिऱ्हाईक बदललं, पण दळण आणायला माणूस अजून चालतच येतो. मी लिहून घेते: थ्री फेज वीज, जाड भिंत, पीठ उडून जायला वाट. हे आज लिहिलं नाही, तर नव्या इमारतीत गिरणीला जागाच राहणार नाही.

सकाळी ११.३०
विकास आराखड्याचा नकाशा टेबलावर. रस्तारेषा गाळ्यांच्या दर्शनी भागातून जाते, म्हणजे नवी रांग मागे सरकणार. जमीन म्हाडाची असल्याने ना हरकत म्हाडाच्या कोकण मंडळाकडून घ्यायची. राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत म्हाडा वसाहतींसाठी ३ पर्यंत चटई क्षेत्र निर्देशांकाची तरतूद आहे. त्यामुळे आकडे जुळतात. त्यात ठाण्याच्या २९ किलोमीटरच्या वर्तुळाकार मेट्रोला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिल्यापासून प्रत्येकाचा डोळा मोक्याच्या कोपऱ्यावर आहे. तिथे एकच मोठं शोरूम काढा, असा आग्रह माझ्याकडेही झाला. मी नकाशात त्या कोपऱ्याचे पाच गाळे केलेत आणि ते पाचच राहावेत म्हणून भांडणार आहे.

दुपारी ३.००
डबा खाऊन पुन्हा नकाशा. आजचा खरा प्रश्न जागेचा नाही, क्रमाचा आहे. घरवाल्यांना भाडं मिळतं, ते दुसरीकडे राहतात आणि परत येतात. दुकानाला तसं जाता येत नाही. तीन वर्षं शटर बंद राहिलं, की गिऱ्हाईक दुसऱ्या दारी रुळतं.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकले. पूर्वी एका उपनगरातल्या कामात मी गाळे पहिल्या मजल्यावर, आतल्या बाजूला दिले होते. क्षेत्रफळ सगळ्यांना जास्त मिळालं. पण बहुतेक कुलपं उघडलीच नाहीत. तिथल्या शिंप्याने मशीन विकल्याचं कळलं, तेव्हा ते मनाला फार लागलं.

म्हणून इथे क्रम उलटा धरलाय. आतली मोडकळीला आलेली एकमजली इमारत आधी पाडायची, तिथे गाळ्यांची नवी रांग उभी करायची, दुकानं तिकडे न्यायची आणि मगच नाक्याची रांग पाडायची. याने बांधकाम लांबतं, खर्च वाढतो. पण बाजार एक दिवसही बंद पडत नाही.

संध्याकाळी ६.३०
संस्थेच्या सभागृहात गाळेधारकांची बैठक. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ अ खालचे ४ जुलै २०१९ चे निर्देश मी साध्या शब्दांत सांगते: ५१ टक्के सभासदांची संमती, सभेचं चित्रीकरण, विकासकाकडून प्रकल्पखर्चाच्या २० टक्के बँक हमी, आणि साधारण दोन, फार तर तीन वर्षांत काम पूर्ण. "तीन वर्षं धंदा कुठे करायचा?" हा प्रश्न तीनदा येतो. मी नकाशावरची नवी रांग दाखवते. करारात हा क्रम लिहून घ्या, असं आग्रहाने सांगते. तोंडी शब्दाला पुढे कुणी विचारत नाही.

मागून भाजीवाल्या मावशी विचारतात, "आणि आम्ही, ताई?" त्या सभासद नाहीत, गाळेधारकही नाहीत. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, त्यात पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के फेरीवाले असावे लागतात. मी त्यांना तिथे अर्ज करायला सांगते आणि नव्या पदपथावर त्यांच्या टोपल्यांपुरती रुंदी नकाशात धरते.

रात्री ९.३०
शटर एकेक करून खाली येतायत. काका जात्याचा पट्टा सैल करतात, पीठ झाडतात. आज त्यांनी सहा जणांचं दळण उद्यावर ढकललंय. मी वहीत शेवटची ओळ लिहिते: नवी रांग तयार झाली की पहिली हलवायची ती गिरणी.